ओव्हन घेऊ का, आणि बसलेल्या केकचं काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी १९ वर्षांची, घर मालवण तालुक्यात, कॉलेज रत्नागिरीत. चौघी मिळून एक खोली घेऊन राहतात, खोलीत सिंगल शेगडी, एक इंडक्शन, फ्रीज नाही. या चौघी आणि वर्गातल्या अजून तिघी यांच्यात असं ठरलंय की कुणाचाही वाढदिवस आला की वर्गणी काढून बेकरीतून केक आणायचा, बिनअंड्याचा, कारण दोघी अंडं खात नाहीत. दरवेळी शंभर-सव्वाशे जातात आणि एका महिन्यात दोन वाढदिवस आले की तिला ते जड जातं. म्हणून मागच्या वेळी ती म्हणाली की केक मी घरी करते. व्हिडिओ बघून कुकरमध्ये केला, तो मधोमध बसला, खालून करपला, वरून ओला राहिला. मैत्रिणी हसल्या नाहीत पण एकीने गुपचूप जाऊन बेकरीतून केक आणला, आणि तेच हिला जास्त लागलं. आता गणपती आटपून सगळ्या परत आल्या की रूममेटचा वाढदिवस आहे. ती विचारते, हप्त्यावर छोटा ओव्हन घेऊ का? आई एसटीतून नारळ, गूळ, इडली रवा, काजू पाठवते, पण त्याचं काहीतरी गावठी करून वाढदिवसाला कसं ठेवणार? की माझ्या हातालाच चव नाही असं समजून नाद सोडू?

अगं, तुझं पत्र वाचताना मी थांबले ते "माझ्या हातालाच चव नाही" या वाक्यापाशी, तर तिथूनच सुरू करूया. तू काय काय केलंस ते सगळं सविस्तर लिहिलंयस हे फार बरं केलंस, कारण केक का बसला ते त्यात सरळ दिसतंय आणि त्यात हाताच्या चवीचा काहीच संबंध नाही.

तू सहा वाजता मिश्रण कालवलंस, इनो घातलंस आणि मग लक्षात आलं की कुकरमध्ये अजून भात आहे. भात काढून, कुकर धुऊन, तापवून केक आत जाईपर्यंत पावणेसात. आता इनो म्हणजे सोडा आणि सायट्रिक ॲसिड, ओलं लागल्याबरोबर फसफसतं. त्यातून जो गॅस निघतो त्याचे बुडबुडे मिश्रणात आहेत तोवरच आच लागायला हवी, म्हणजे त्यांच्याभोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं आणि केक फुगलेला राहतो. पाऊण तासात बुडबुडे निघून गेले, मग फुगणार काय? त्यात तू डबा काठोकाठ भरलास आणि झालाय का बघायला चारदा झाकण उघडलंस. दरवेळी आतली गरमी गेली, मधला भाग अजून कच्चा होता तो खाली बसला. आणि लवकर व्हावा म्हणून आच मोठी ठेवलीस, डब्याखाली स्टँड नाही, मीठ नाही, म्हणून बूड करपलं. चार चुका, चारही सांगता येण्यासारख्या, चारही पुढच्या वेळी टाळता येण्यासारख्या. माझी आजी वेंगुर्ल्याकडची, चुलीपाशी मी घुटमळायला लागले की म्हणायची, "चेडवा, झाकान काढू नको गो, वाफ जाता." मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला तो धाक वाटायचा, पण स्वयंपाकातलं त्याहून उपयोगाचं वाक्य मी पुढे कुठे ऐकलं नाही.

कुकरबद्दल एक नीट सांगते, कारण असे व्हिडिओ बघून पुष्कळ मुलं करतात. कुकरमध्ये पाणी न घालता केक करायचा तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवायलाच लागतात, विसरलं तर धोका आहे. आणि कोरडाच तापवत राहिलं की कुकर खराब होतो, ज्यात उद्या चौघींचा भात लावायचाय. त्यापेक्षा जुनी जाड कढई घ्या, आत स्टँड किंवा वाटीभर जाड मीठ, वर घट्ट बसेल असं ताट. तेवढं पुरतं.

आता ओव्हन. तू हप्ता परवडेल का एवढंच विचारतेयस, मला आधी खोलीची वायरिंग बघावीशी वाटते. छोटा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, १८-२० लिटरवाला, साधारण १२०० ते १४०० वॉट खेचतो. बिलाचं फार मनाला लावून घेऊ नकोस, १४०० वॉट सलग तासभर चालला तरी १.४ युनिट होतात, आणि तापमान आलं की थर्मोस्टॅट तो मधेमधे बंद करतो म्हणजे खरं तर त्याहून कमीच. अडचण सॉकेटची आहे. मोबाईल चार्ज करतो तो लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो, २३० व्होल्टला त्याची झेप १३८० वॉटपर्यंत, त्यावर ओटीजी लावायचा म्हणजे अगदी काठावर चालणं आहे. जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे, आणि भाड्याच्या खोलीत तसा बहुधा एकच असतो, तिथे तुमची इंडक्शन आहे. मालकीणबाईंना न विचारता एक्स्टेंशन बोर्ड लावून तर अजिबात नको. शिवाय तुझं अजून दीड वर्ष राहिलंय, मग खोली बदलणार, गाव बदलणार, ते धूड घेऊन फिरणार कुठे?

म्हणून माझं मत, हप्त्यावर घेऊ नकोस. सहा महिने तू दर आठवड्याला काही ना काही करत राहिलीस, चौघींना त्याची सवय लागली आणि चौघी मिळून पैसे काढायला तयार झाल्या तर तेव्हा बघ, तेव्हा ती वस्तू वापरली जाईल. एका वाढदिवसाच्या लाजेपायी घेतलेला ओव्हन मात्र खोक्यात परत जातो, असे दोन-तीन मी जवळून बघितलेत.

आणि खरंच भाजलेलंच काही करायचं असेल तर एक जुनी सोय आहे जी आता मुलींना माहीतच नाही. दिवाळीच्या आधी आमच्याकडे नानकटाईचं पीठ घरी मळायचं, ट्रे बेकरीतून आणायचे, घरी बसून गोळे थापायचे आणि पुन्हा भट्टीवर नेऊन भाजून आणायचे, किलोमागे भाजणावळ द्यायची. अजूनही लहान गावातले, पेठेतले जुने बेकरीवाले दुपारच्या वेळी, पावाचं काम उरकलं की, हो म्हणतात. जाऊन विचार, नाही म्हणाले तर परत ये, त्यात काही जात नाही. नानकटाईचं माप सोपं आहे, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, वेलची. तूप आणि साखर हाताने हलकी पांढरी होईपर्यंत फेसायची, यात कंटाळा करायचा नाही. मैद्यातली एक वाटी काढून नाचणीचं पीठ घातलंस तरी चालतं, नाचणीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, नसतं म्हणून तिचा नुसता केक भुगा होतो, पण नानकटाईला खुसखुशीतपणाच हवा असतो त्यामुळे तिथे तो गुण होतो. फक्त आपल्याकडची हवा लक्षात ठेव, पावसात उघडी राहिली की अर्ध्या दिवसात सादळते, गार झाली की लगेच डब्यात.

आता त्या "गावठी" शब्दाकडे येते. तुला खरं टोचतंय ते इथे, असं मला वाटतं.

मी शिकायला रत्नागिरीत होते तेव्हा माझंही पार्सल यायचं. आई सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची, मी स्टँडवर जाऊन घ्यायची, गोणपाटात नारळ, वर्तमानपत्रात गुळाची ढेप, आणि वरून आतल्या सगळ्याला लागलेला सुक्या बांगड्याचा वास. मी ते पलंगाखाली ढकलायची. मुंबईची एक मुलगी होती खोलीत, तिच्या डब्यात विकतची बिस्किटं असायची, ती आम्ही सगळ्या मिटक्या मारत खायचो आणि माझे नारळ खाली पडून कोंब फुटायचे. एकदा तिनेच ते बघितलं आणि विचारलं, याचं तुम्ही काय करता गं? त्या रात्री मी तिला नारळाच्या वड्या करून दाखवल्या. पुढच्या महिन्यात पार्सल आणायला माझ्याबरोबर स्टँडवर तीच आली. आपल्याला जे रोजचं असतं ते दुसऱ्याने कधी चाखलेलंच नसतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि तू ज्याला गावठी म्हणतेयस त्याचा हिशोब कर ना एकदा. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, वेंगुर्ल्याच्या काजूला त्याच्या नावाने जीआय आहे, बाहेरची माणसं ते नाव बघून जास्त पैसे मोजतात, आणि तुझ्या आईने ते फुकटात बांधून पाठवलेलं तू झाकून ठेवतेस. बेकरीतला जो केक तुम्ही आणता त्यावरचं क्रीम पुष्कळदा दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं. त्याला नावं ठेवायची म्हणून सांगत नाही, मलाही तो आवडतो. पण तो आपोआप वरचा आणि तुझा खालचा, हे तू कुठून धरून चाललीस, तेवढं तपासून बघ.

केक कापायला केकच लागतो असंही तू लिहिलंयस. मग केकच कर, आपल्याकडचा. धोंडस तुझ्या घरी होत असणारच, कुणी तवसाळं म्हणतं, कुणी तवसोळी. काकडीचा केक आहे तो, भाजलेला, सुरीने कापायचा, बिनअंड्याचा, आणि गणपतीच्या सुमाराला बाजारात तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, ढिगाने येतात म्हणजे तुझ्या रूममेटचा वाढदिवस अगदी हंगामात पडलाय. आजी तो चुलीवर करायची, जाड बुडाचा टोप मंद विस्तवावर, टोपावर परात आणि परातीत करवंट्यांचे निखारे. खालून आच, वरून आच. ओव्हन याच्याहून वेगळं काय करतो? तुझ्याकडे निखारे नाहीत पण शेगडी आणि इंडक्शन दोन्ही आहेत, आणि तेवढ्यावर ते जमतं, कसं ते सांगते.

दोन वाट्या किसलेलं तवसं, साल काढून, जून असेल तर बिया काढून. सुटलेलं पाणी फेकायचं नाही. इडली रवा एक वाटी, चिरलेला गूळ एक वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, तूप दोन मोठे चमचे, मीठ चिमूटभर, वेलची, आणि आईने पाठवलेले काजू मोडून. रवा तुपात मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाज, रंग नको बदलायला, वास सुटला की पुरे. दुसऱ्या भांड्यात तवसं, त्याचं पाणी, गूळ, खोबरं, मीठ आणि वर अर्धी-पाऊण वाटी पाणी असं उकळायला ठेव, गूळ विरघळला की रवा हळूहळू सोड, ढवळ, झाकण ठेवून शिजू दे म्हणजे शिऱ्यासारखं घट्ट होईल. कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हबका. मग वेलची-काजू घालून तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात ओत, वरून चमच्याने सारखं कर. शेगडीवर तवा, तव्यावर टोप, आच अगदी बारीक. टोपावर सपाट स्टीलची ताटली. इंडक्शनवर लोखंडी तवा मध्यम आचेवर तापव आणि तो ताटलीवर ठेव, दहा मिनिटांनी उचलून पुन्हा तापव, पुन्हा ठेव, असं तीन-चार वेळा. दोन्ही हातांना जाड फडकी घे, आणि तापलेला तवा नेताना मधे कुणी येऊ देऊ नकोस. तीस-चाळीस मिनिटांत कडा सुटायला लागतात, सुरी घालून बघ, कोरडी आली की झालं. ॲल्युमिनियमचा तवा इंडक्शनवर तापणार नाही हे माहीत असेलच, ज्याला चुंबक चिकटतं तोच चालतो.

आणि गरम असताना कापायचं नाही. सगळ्यात जास्त धोंडस इथे बिघडतं, घाई होते, वास सुटलेला असतो, सुरी घातली की चुरा. तांदळाचा पदार्थ गार झाल्यावरच धरतो. थंड झाल्यावर वरून खोबरं भुरभुर, मेणबत्ती लाव, फोटो काढ. चॉकलेटी-सोनेरी रंग येतो, छान दिसतो फोटोत.

तरीही नेहमीचा केक जमवायचाच असेल, आणि जिद्द म्हणून जमवावासा वाटणं मला पटतं, तर रव्याचा कर, मैद्यापेक्षा तो नवख्या हाताला सांभाळून घेतो. बारीक रवा एक वाटी, दही अर्धी, दूध अर्धी, साखर पाऊण, तेल किंवा पातळ तूप पाव वाटी, हे कालवून अर्धा तास झाकून ठेव, रवा फुगेल, फार घट्ट झालं तर दोन चमचे दूध. या वेळात कढई स्टँड घालून दहा मिनिटं तापव आणि डब्याला तूप-पीठ लाव. सगळी तयारी झाली, कढई गरम आहे, डबा हातात आहे, तेव्हाच अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा मिश्रणात घालून हलक्या हाताने ढवळ आणि लगेच आत. डबा अर्ध्याच्या थोडा वरपर्यंतच भर. बारीक आच, पस्तीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही, मग काडी घालून बघायचं. फुगवण्यासाठी सोडा जास्त घालू नकोस, साबणासारखी चव येते आणि फुगून पुन्हा बसतो तो बसतोच.

हे झालं वाढदिवसाचं. पण खोली करून राहणारी अजून बरीच मुलं-मुली हे वाचतील, त्यांच्यासाठी, आणि तुझ्याही एरवीच्या दिवसांसाठी, वाफेवरचं आणि बिनगॅसचं थोडं सांगते.

वाफेवर करपत नाही, हा नवख्यासाठी फार मोठा गुण. घरून उन्हाळ्यात आटवलेल्या आंब्याच्या रसाची बाटली आणली असेल तर सांदणं करा. इडली रवा एक वाटी कोरडाच किंचित भाजून, रस एक वाटी, नारळाचं दूध अर्धी वाटी, गूळ अर्धी वाटी, मीठ. आटवलेल्या रसात साखर असते म्हणून आधी चाखून मग गूळ. तासभर भिजू द्या, चिमूटभर सोडा, इडलीपात्रात पंधरा ते वीस मिनिटं. फणसाच्या दिवसात हेच बरक्याच्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाच्या, रसात होतं आणि मला विचाराल तर तेच खरं सांदण. सोबत नारळाच्या दुधात गूळ घालून घ्यायचा, पण दूध उकळून त्यात गूळ टाकू नका, फुटतं. गूळ त्या दुधात न तापवताच विरघळवा.

नारळाच्या वड्यांना दोन वाट्या खवलेलं खोबरं, दीड वाटी साखर, अर्धी वाटी दूध, जाड कढई आणि पंधरा-वीस मिनिटं उभं राहायची तयारी. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की लगेच ताटात. आधी काढलं तर वड्या पडत नाहीत, चमच्याने खाव्या लागतात, आणि फार उशीर केला तर कोरड्या भुरभुरीत होतात. हे डोळ्यांना दोनदा बघितल्याशिवाय येत नाही, पहिली खेप बिघडली तर बिघडू द्या, खायला ती चांगलीच लागते. फ्रीज नसेल तर नारळ अख्खाच ठेवा आणि लागेल तेवढाच फोडा, आपल्या दमट हवेत खवलेलं खोबरं दुसऱ्या दिवशी आंबूस होतं. गूळही पावसात पाझरतो, घट्ट झाकणाच्या बरणीत हवा.

शिजवायलाच बंदी आहे अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी दाण्याचे लाडू करावेत. भाजलेले शेंगदाणे विकत मिळतात, एक वाटी कूट, अर्धी वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप, मळून वळायचं, दहा मिनिटांचं काम. आठवडाभर टिकतात, परीक्षेच्या दिवसात रात्री अकराला भूक लागते तेव्हा चहा-बिस्किटापेक्षा याने पोट भरतं. पातळ पोह्यात गूळ आणि ओलं खोबरं कालवून दहा मिनिटं ठेवलं की तेही गोड होतं, पण ते तेव्हाच खाऊन संपवायचं. श्रीखंड हवं असेल तर घट्ट ताजं दही फडक्यात बांधून सहा-सात तास टांगा, मात्र थंडीच्या दिवसात किंवा कुणाच्या तरी फ्रीजमध्ये जाळी ठेवून, नाहीतर सकाळपर्यंत आंबट होतं. आणि कुणाकडे साधा मायक्रोवेव्ह असेल तर मगातला केक दीड मिनिटात होतो, खरा आहे तो प्रकार, पण त्याला भाजलेला रंग येत नाही आणि गार झाला की रबरासारखा होतो, केला की लगेच खा.

आता शेवटचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलंय. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. एक पैशाची, एक गोडाची. वर्गणी जड जाते हे तू मैत्रिणींना सांगितलं नाहीस, त्याऐवजी "केक मी करते" म्हणालीस. त्यामुळे तो केक बसला तेव्हा तुझ्यासाठी नुसता केक बसला नाही, शंभर रुपये वाचवायचा मार्गही गेला, आणि वर वेगळी वर्गणी द्यावी लागली ती लागलीच. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जी मुलगी गुपचूप केक आणायला गेली तिला कदाचित तुझी फजिती झाकायची असेल, तू तिला विचारलंयस का? मला खात्री नाही, पण न विचारता तू तिच्या मनातलं ठरवून बसलीस एवढं नक्की.

मला वाटतं तू सरळ बोलावंस. फार मोठं काही नाही, एखाद्या संध्याकाळी चहाला बसलात की म्हण, मला दरवेळी शंभर जमत नाहीत गं, आपण महिन्याच्या सगळ्या वाढदिवसांना मिळून एकच केक आणूया का, किंवा पन्नासची मर्यादा ठेवूया का. सात जणींत हे जड जाणारी तू एकटीच असशील असं मला वाटत नाही, कुणीतरी पहिल्यांदा बोलायची वाट बघत असतं. आणि नाही म्हणाल्या, तोंडं वाकडी केली, तर तेही तुला कळलेलं बरं. पण गोड करणं हा वर्गणीला पर्याय म्हणून करू नकोस. तुला करावंसं वाटतंय, हात शिवशिवतायत, हे पत्रातून दिसतं, नाहीतर बसलेल्या केकची मिनिटामिनिटाची हकीकत कुणी एवढी लक्षात ठेवत नाही. ते त्या हौसेसाठी कर. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात करू नकोस, त्याची कुणाला सफाईही द्यायची गरज नाही.

गणपतीला घरी जाशील तेव्हा आईला सांग की एकदा धोंडस माझ्या हातून करून घे, तू बाजूला उभी राहा. माझं माप वर दिलंय पण तुमच्या घरचं वेगळं असेल, कुणी चिमूट हळद घालतं, कुणी गूळ कमी, आईचंच धर. रव्याचा वास कधी सुटला म्हणायचा, मिश्रण किती घट्ट हवं, हे तिथे डोळ्यांनी बघून घे, लिहून ठेव. मग रत्नागिरीला आल्यावर वाढदिवसाआधी एकदा अर्ध्या मापाने तुमच्या शेगडीवर करून बघ, तुमच्या टोपाला किती मिनिटं लागतात ते त्याच दिवशी कळेल. तवसं घेताना देठाकडचा तुकडा चाखून घे, कडू निघालं तर दुसरं. आणि वाढदिवस ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या रात्री कर, झाकून टोपातच राहू दे रात्रभर, सकाळी कडेने सुरी फिरव आणि मग ताटात उलटं कर.